दाबाच्या आकड्याआधी कॉर्नियाची जाडी विचारा

डोळ्यांच्या तपासणीच्या कागदावर ‘दाब : उजवा १८, डावा १९’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा डोळ्याच्या आत काही घालून मोजलेला नसतो. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्यावर, बाहेरून थोडा जोर देऊन आत किती दाब असावा याचा काढलेला तो अंदाज असतो. सायकलच्या टायरमधली हवा आपण अंगठ्याने दाबून बघतो तेव्हा अंगठ्याला हवा लागते तसं रबरही लागतं. टायर जाड असेल तर हवा कमी असूनही तो टणक वाटतो. डोळ्याचंही तसंच होतं. कॉर्निया जाड आणि ताठ असेल तर यंत्र दाब आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, पातळ किंवा लेचापेचा असेल तर कमी.

काचबिंदूत थेंब सुरू करायचे का, दुसरी बाटली जोडायची का, ऑपरेशनपर्यंत जायचं का, या निर्णयांत या आकड्याचा वाटा मोठा असतो. म्हणून ज्यांना काचबिंदू आहे, किंवा ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना आहे, त्यांनी आपल्या कॉर्नियाची जाडी माहीत करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. दाबाचे आकडे पाठ असलेले रुग्ण मला पुष्कळ भेटतात, जाडी सांगू शकणारे क्वचितच.

दाब मोजायचं जे उपकरण आजही प्रमाण मानलं जातं, ते स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात तयार केलं. तुम्ही ते पाहिलं असेल : डोळा बधिर करणारा थेंब, मग पिवळा रंग, हनुवटी टेकवून बसायचं आणि निळ्या प्रकाशात एक छोटं टोक बुबुळाला हलकंच टेकतं. डॉक्टरांना त्यातून दोन हिरवट अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकेपर्यंत ते बाजूची चकती फिरवतात. कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागला, हे त्यातून कळतं. एक ग्रॅम जोर लागला तर दाब १० मिलिमीटर (पाऱ्याचे).

३.०६ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे हुशारी आहे. कॉर्निया आपल्या ताठपणामुळे टोकाला बाहेर ढकलतो आणि अश्रूंचा पातळ थर त्याला आत ओढतो. नेमक्या या मापाला ढकलणं आणि ओढणं जवळजवळ फिटतं आणि हिशेबात उरतो तो आतला दाब. मात्र हे सगळं कॉर्निया मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन जाड आहे असं धरून. जाडी फार वेगळी असेल तर आकडा बिघडेल याची गोल्डमन यांना कल्पना होती. पण तशी माणसं फारशी नसतील, असं त्यांना वाटलं. जाडी झटपट मोजणारी यंत्रं तेव्हा दवाखान्यांत नव्हती, त्यामुळे तो समज बरीच वर्षं टिकला.

पुढे माणसामाणसांत बराच फरक निघाला. निरोगी डोळ्यांतही कुणाचा कॉर्निया ४५० मायक्रॉन असतो, कुणाचा ६२०. जगभरच्या मोजमापांची सरासरी ५३५ ते ५४० च्या आसपास येते. आपल्याकडचा आकडा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या मोठ्या पाहणीत प्रौढांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा कॉर्निया पाश्चात्त्य पुस्तकांतल्या सरासरीपेक्षा पातळच असणार. ‘२१ च्या आत म्हणजे नॉर्मल’ ही सगळ्यांच्या तोंडी असलेली रेघ युरोपीय वंशाच्या लोकांच्या मोजमापांवरून आखली गेली, हे लक्षात ठेवलं की ‘तुमचं प्रेशर १९ आहे, काळजी नको’ या वाक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावासा वाटत नाही. भारतात झालेल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांतल्या अनेकांचा दाब तपासणीच्या वेळी २१ च्या आतच होता.

जाडीला महत्त्व आलं ते मुख्यतः २००२ साली. अमेरिकेतल्या ‘ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी’त १,६३६ माणसं होती. दाब वाढलेला, पण दृष्टीची नस आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या क्षेत्राची तपासणी) दोन्ही ठीक, अशी. निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांवर नुसती नजर ठेवली. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के जणांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. अभ्यास थेंबांचा होता, पण त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली : ज्यांचा कॉर्निया ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ, त्यांना ५८८ हून जाड असलेल्यांच्या तुलनेत काचबिंदू होण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. तेव्हापासून जाडी मोजणं, म्हणजे पॅकिमेट्री, काचबिंदूच्या पहिल्या तपासणीचा भाग झाली. निदान व्हायला हवी. आपल्याकडे अजूनही ती अनेकदा राहून जाते.

तपासणी अगदी साधी आहे. बधिर करणारा थेंब घालून पेनासारखी एक बारीक नळी कॉर्नियाला क्षणभर टेकवतात आणि ध्वनिलहरींवरून जाडी मोजतात. काही ठिकाणी स्पर्श न करता प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राने मोजतात. दोन प्रकारच्या यंत्रांचे आकडे थोडे पुढेमागे येतात, म्हणून कोणत्या यंत्रावर मोजलं तेही लिहून घ्या. दुखत नाही, दोन मिनिटं लागतात, आणि मधे काही घडलं नाही तर ती दर वेळी करायची गरजही नाही. बुबुळावर ऑपरेशन झालं, बुबुळाचा आजार झाला किंवा बरीच वर्षं गेली, तर पुन्हा करावी. काचबिंदूचे काही थेंब वर्षानुवर्षं घातल्यावर कॉर्निया किंचित पातळ होऊ शकतो.

आता समजा, एका घरातले भाऊबहीण तपासणीला आले. भावाचा दाब २४, कॉर्निया ६१० मायक्रॉन. बहिणीचा दाब १८, कॉर्निया ४७०. नुसते दाब पाहिले तर भावाला थेंब आणि बहिणीला ‘सहा महिन्यांनी या’ असा निकाल लागेल. जाडी कळल्यावर डॉक्टर उलट दिशेने विचार करू लागतात. भावाची दृष्टीची नस आणि फील्ड चांगली असेल तर त्याला कदाचित थेंबांविना नुसतं नजरेखाली ठेवता येईल. वर्षानुवर्षांचा खर्च, डोळ्यांची लाली, रोजची आठवण हे सगळं टळेल. बहिणीची नस मात्र नीट, बाहुली मोठी करून, पुन्हा बघावी लागेल. घरातल्या बायकांची तपासणी तशीही पुढे ढकलली जाते, त्यात ‘प्रेशर नॉर्मल’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. खरं तर १८ या आकड्याने तिचा प्रश्न सुटलेला नाही.

इथे एक मोह होतो, आणि तो रुग्णांइतकाच डॉक्टरांनाही होतो. जाडी कळली, आता सूत्र लावून ‘खरा’ दाब काढू या! मोबाइलवर अशी कोष्टकं मिळतात, काही यंत्रं तर ‘दुरुस्त केलेला दाब’ छापूनच देतात. माझं स्पष्ट मत आहे की या बेरीज-वजाबाकीवर उपचार ठरवू नयेत. का, ते पाहा. १९७५ साली डेन्मार्कमध्ये एलर्स यांनी काढलेल्या प्रमाणानुसार दर १०० मायक्रॉनमागे दाबात सुमारे ७ मिलिमीटरचा फरक धरायचा. नंतरच्या काही मोजमापांत हाच फरक १०० मायक्रॉनमागे जेमतेम २ मिलिमीटर निघाला. ५२० ही मध्यरेषा धरली, तर एखाद्या बाईच्या ४५५ मायक्रॉनच्या डोळ्यात मोजलेला १८ चा दाब एका हिशेबाने साडेबावीसच्या वर जातो आणि दुसऱ्याने सव्वाएकोणीसवरच थांबतो. डोळा तोच, बाईही तीच. एका कागदावर ती रुग्ण ठरते, दुसऱ्यावर नाही.

सूत्रं फसतात कारण जाडी ही कॉर्नियाच्या स्वभावाची एकच बाजू आहे. त्याचा ताठपणा, लवचिकपणा, त्यातलं पाणी, त्याचा बाक, वय हे सगळं आकड्यात मिसळतं. कॉर्नियाला सूज आली की तो जाड होतो, पण मऊही होतो. त्यामुळे यंत्र दाब कमी दाखवतं. सूत्र मात्र फक्त जाडी बघतं आणि आधीच कमी आलेल्या आकड्यातून आणखी वजा करतं. खऱ्या दाबापासून दोनदा लांब गेलो! अमेरिकेतल्या त्याच अभ्यासाच्या माहितीवर पुढे कोणाला काचबिंदू होईल याचा अंदाज बांधताना संशोधकांनी दुरुस्तीची सूत्रं लावून पाहिली, तेव्हा अंदाज काही सुधारला नाही. न दुरुस्त केलेला दाब आणि जाडी, दोन्ही वेगवेगळे ठेवले तेच पुरलं.

म्हणून जाडी वापरायची ती ढोबळ तीन कप्प्यांत : पातळ, मधली, जाड. पातळ असेल तर डॉक्टर दाबाच्या आकड्याकडे संशयाने बघतात, लवकर परत बोलावतात, नसेचा फोटो काढून ठेवतात. जाड असेल तर उपचारांची घाई करत नाहीत. एवढाच तिचा उपयोग, आणि तो थोडका नाही. पण जाडी कळल्यावर स्वतःच्या मनाने थेंब बंद करू नका. ‘माझा कॉर्निया जाड आहे, म्हणजे दाब खोटाच असणार’ असं म्हणून थेंब सोडलेला माणूस नस वाळायला लागल्यावर परत येतो, आणि वाळलेली नस परत येत नाही. जाड कॉर्निया असलेल्यांनाही काचबिंदू होतोच.

गेल्या वीस वर्षांत कॉर्नियाचा लवचिकपणा मोजायचा प्रयत्नही झाला. ‘ऑक्युलर रिस्पॉन्स अॅनलायझर’ या यंत्रात हवेचा झोत येतो, कॉर्निया आत दबतो, मग बाहेर येतो. आत जाताना ज्या दाबाला तो सपाट होतो आणि बाहेर येताना ज्या दाबाला होतो, त्यांतला फरक म्हणजे हिस्टेरेसिस. कॉर्निया धक्का किती पचवतो याचं माप. निरोगी डोळ्यात तो साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो कमी असलेल्यांचा काचबिंदू अधिक वेगाने वाढतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. यंत्र मोठ्या रुग्णालयांतच असतं. तिथे जात असाल तर जरूर करून घ्या. त्यासाठी मुद्दाम गावोगाव हिंडू नका. तो वेळ आणि पैसा फील्ड टेस्ट दर वर्षी न चुकवता करण्यात घातला तर जास्त उपयोगी पडेल.

चष्म्याच्या दुकानात किंवा शिबिरात हवेची फुंकर मारणारं यंत्र असतं, त्याविषयीही थोडं. चाळणी लावायला ते चांगलं आहे, पण जाडीचा परिणाम त्यावर गोल्डमनपेक्षा जास्त होतो आणि फुंकर दर वेळी नाडीच्या वेगळ्या ठोक्यावर पडते, म्हणून दोन-तीन वेळा मारून सरासरी घेतात. तिथला आकडा वाढलेला आला तर घाबरू नये, आणि नॉर्मल आला तर निश्चिंतही होऊ नये. हातात धरून बारीक टोक बुबुळावर आपटणारं रिबाउंड यंत्र बधिर न करता चालतं, लहान मुलांसाठी ते फारच सोयीचं. कॉर्नियाच्या जाडीतून मात्र तेही सुटलेलं नाही. काहीही असो, नियम एकच पाळा : शक्यतो त्याच यंत्रावर, दिवसाच्या साधारण त्याच वेळी दाब मोजून घ्या, आणि कागदावर आकड्याशेजारी यंत्राचं नाव व वेळ लिहायला सांगा. एका यंत्रावरचा मार्चमधला १६ आणि दुसऱ्यावरचा सप्टेंबरमधला २० यांवरून दाब वाढला असं म्हणता येत नाही.

वेळेचा मुद्दा कॉर्नियाशीही जोडलेला आहे. रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने सकाळी उठल्यावर कॉर्निया तीन-चार टक्के सुजलेला असतो, तासा-दोन तासांत पूर्ववत होतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांचा कॉर्नियाही तात्पुरता सुजू शकतो. लेन्स किती वेळ आधी काढायची ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा.

तपासणीच्या दिवशीच्या आपल्याकडच्या काही सवयीही आकडा हलवतात. सकाळी उठून तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची अनेकांना सवय असते. एकदम लिटरभर पाणी प्यायल्यावर काचबिंदूच्या डोळ्यातला दाब काही काळ चांगलाच वाढतो, इतका की त्यावर आधारलेली एक चाचणीच आहे. पाणी जरूर प्या, पण घोट घोट. शीर्षासनात दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे भारतात योगसाधकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. काचबिंदू असलेल्यांनी ते आसन करूच नये. खुर्चीत बसल्यावर शर्टाचं वरचं बटण सोडा, श्वास रोखू नका, मान पुढे ताणू नका आणि डोळे घट्ट मिटू नका. पापणी आवळली की आकडा चार-पाच मिलिमीटर सहज चढतो. डॉक्टरांनी बोटाने पापणी धरताना डोळ्यावर भार पडला तरीही तेच. एखाद्या वेळी आकडा अचानक वाढलेला वाटला तर ‘पुन्हा एकदा मोजता का?’ असं विचारण्यात काही गैर नाही. आणि ‘डॉक्टर तिकडे थेंब घालणारच आहेत’ म्हणून त्या दिवशी स्वतःचे थेंब चुकवू नका. औषधावर दाब किती राहतो हेच तर बघायचं असतं.

काही डोळ्यांत मात्र साधी मोजणी सरळसरळ दगा देते. बुबुळावर जुना डाग असेल किंवा बुबुळ बदललं असेल तर आकडा चढा किंवा उतरता, कसाही येऊ शकतो. तिरका नंबर तीनच्या वर असेल तर मोजायचं टोक विशिष्ट कोनात फिरवून घ्यावं लागतं. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि दाब हमखास कमी दिसतो. यातल्या मुलांची मला सर्वात जास्त काळजी वाटते. उन्हाळ्यात डोळे लाल होणारी, सतत खाजवणारी अॅलर्जीची मुलं आपल्याकडे भरपूर. एकदा लिहून दिलेले स्टेरॉइडचे थेंब आराम पडतो म्हणून औषधाच्या दुकानातून परत परत आणले जातात. स्टेरॉइडने दाब चढतो. चोळून चोळून कॉर्निया पातळ होऊ लागला असेल तर तो चढलेला दाब यंत्रावर पुरता दिसत नाही. अशा मुलाच्या डोळ्याचा दाब ‘१७, ठीक’ असला तरी नस बघितल्याशिवाय घरी परतू नका, आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवा.

चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन केलेल्यांचा गट दर वर्षी वाढतो आहे. पुण्या-मुंबईतल्या नोकरदार तरुणांत ते आता नेहमीचं झालं. त्यात दर नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया कमी होतो. उणे सहाचा नंबर घालवला तर ७० ते ९० मायक्रॉन गेले. ऑपरेशननंतर मोजलेला दाब काही मिलिमीटरने उतरलेला दिसतो, आणि किती उतरला ते माणसागणिक बदलतं. उणे नंबरवाल्यांना काचबिंदूचा धोका मुळातच जास्त असतो. म्हणजे ज्याचा दाब नीट कळायला हवा, त्याचाच लपतो. ऑपरेशननंतर काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब असतात. क्वचित कोणाचा दाब त्याने चढतो, कॉर्नियाच्या कापलेल्या पापुद्र्याखाली पाणी साठतं आणि यंत्राचं टोक त्या पाण्यावरच दबतं. कागदावर दाब ८ किंवा १०, आणि आत नस चिरडली जाते आहे. धूसर दिसू लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा आणि दाब कॉर्नियाच्या कडेला किंवा वेगळ्या यंत्राने मोजायला सांगा.

असं ऑपरेशन करायचं ठरवलं असेल तर त्याआधीचे चार आकडे मागून घ्या : चष्म्याचा नंबर, दाब, कॉर्नियाची जाडी आणि कॉर्नियाचा बाक. डोळ्याच्या नसेचा फोटोही. हा कागद जन्मदाखल्यासोबत ठेवा, दवाखान्याच्या भरवशावर सोडू नका. वीस-तीस वर्षांत दवाखाने बंद होतात, संगणक बदलतात. पन्नाशीत काचबिंदूची शंका आली तर डॉक्टर आधी तोच मागतील. साठीत मोतीबिंदू झाला तरी तोच लागेल, कारण लेझर झालेल्या डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर नेहमीच्या मोजणीने चुकतो आणि जुने आकडे हाताशी असले तर तो बराच नेमका काढता येतो.